गुरुवारी येताय ना?

उत्तर फिलाडेल्फियातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर मेथाडोनची खिडकी आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही. खाली पहाटे साडेपाचपासून रांग लागते. बर्फ पडो, ‘एल’ गाडी बंद पडो, रांग चुकत नाही. हेरॉइन किंवा फेंटानिलमध्ये अडकलेल्या माणसाला त्या इवल्याशा कपातलं औषध मिळालं नाही, तर दुपारपर्यंत अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात कळा येतात. औषधच त्याला ओढून आणतं. जिना चढून वर येतात ती कोकेनची माणसं, आणि त्यांना द्यायला आमच्याकडे असं काही नाही. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेलं एकही औषध अजून नाही. नैराश्यावरच्या गोळ्या झाल्या, फिट्सवरच्या झाल्या, दारू सोडवायच्या झाल्या, लससुद्धा करून बघितली. तेव्हा वर यायचं ते नुसतं बोलायला, तेही आठवड्यातून दोन-तीनदा, दोन बस बदलून. एवढ्यासाठी मी स्वतः किती दिवस आले असते, याचा विचार केला की खुर्च्या रिकाम्या राहण्याचं नवल वाटेनासं होतं.

पुण्यात समाजकार्य शिकत असताना मी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पाहिलं होतं. तिथे माणूस एकदा दाखल झाला की पस्तीस दिवस आत. त्याला आणायला बायको येते, आई येते, कधी अख्खी गल्ली येते. आणि एकदा आत आल्यावर उद्या येईल की नाही, हा प्रश्न निदान महिनाभर तरी पडत नाही. बाह्यरुग्ण उपचारात तो प्रश्न रोजचा. दीड तास आमच्यासमोर बसलेला माणूस सहा वाजता जिना उतरतो आणि ज्या कोपऱ्यावर माल घेतो त्याच कोपऱ्यावरून घरी जातो. त्याला कुणी आणलेलं नसतं आणि न्यायलाही कुणी येत नाही. इथे येऊन मला पहिल्यांदा शिकायला लागलं ते हे की उपचार कोणता द्यायचा ही दुसरी गोष्ट. माणूस परत आला तर उपचार.

कोकेनची चाल समजून घेतली तर तो कधी येईल आणि कधी गळेल, हे बरंचसं कळतं. खड्यांचं कोकेन, म्हणजे क्रॅक, ओढलं तर नशा पाच-दहा मिनिटांची, पूड नाकातून घेतली तर फार तर अर्ध्या तासाची. म्हणून पुन्हा, पुन्हा, पैसे संपेपर्यंत. शुक्रवारी पगार झाला की रात्री सुरुवात, रविवारी खिसा रिकामा. मग माणूस कोसळतो. झोप, भूक, लाज, सगळं एकदम अंगावर येतं. सोमवारी सकाळी आमचा फोन वाजतो तो अशा अवस्थेत. बुधवारपर्यंत पोटात अन्न गेलेलं असतं, झोप झालेली असते, आणि अंगावर चढणारी ‘विथड्रॉवल’ हेरॉइनसारखी नसल्यामुळे त्याला मनापासून वाटतं की आपण बरे झालो. गुरुवारी फोन केला तर म्हणतो, “मिस, आता मी ठीक आहे. माझी जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या.” तो खोटं बोलत नसतो. शुक्रवार अजून यायचा असतो, एवढंच.

म्हणजे दार उघडं असतं ते दोन दिवस. डेव्हिड फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कोकेनसाठी मदत मागणाऱ्यांवर एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला होता. फोन केल्यावर २४ तासांतली वेळ दिलेल्यांपैकी ७२ टक्के लोक आले. तीन दिवसांनंतरची वेळ दिली तर ४१ टक्के, आणि सात दिवसांनंतर ३८. माणसं तशीच, क्लिनिक तेच, फक्त मधले दिवस वेगळे. तरीही आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी अजून “पुढच्या बुधवारी दीड वाजता” असं सांगून फोन ठेवतात आणि मग नोंदवहीत लिहितात, ‘रुग्णाची तयारी नव्हती’. हे वाक्य मला कायमचं खोडून टाकावंसं वाटतं.

आम्ही सोमवार आणि मंगळवारची सकाळ मोकळी ठेवायला लागलो. पहिल्या दिवसाचे कागदही कमी केले. पूर्वी नवीन माणसाला दोन तास बसवून आई-वडील, तुरुंग, मारहाण, आत्महत्येचे विचार, सगळं उकरून काढायचो. ज्याने दोन रात्री झोप घेतलेली नाही, त्याला अनोळखी बाईने बालपणाबद्दल विचारायचं आणि तो दुसऱ्यांदा आला नाही की आश्चर्य करायचं! आता जिवाला धोका आहे का, झोपायला जागा आहे का, एवढं आधी विचारतो. मग कॉफी आणि काहीतरी खायला, कारण भूक तेव्हाच परतलेली असते. आणि मग एकच गोष्ट: या आठवड्यात तुमचं काय मार्गी लागायला हवं? उत्तर क्वचितच ‘कोकेन सुटावं’ असतं. गाडी टो करून नेलीय, ती सोडवायचीय. मुलीच्या शाळेतून पत्र आलंय. दात दुखतोय. मी दातांच्या दवाखान्याला फोन लावते. बाकीचं गुरुवारी.

इथे येणाऱ्यांबद्दल लिहिताना तपशील बदलावे लागतात, आणि ते नुसतं सौजन्य म्हणून नाही. व्यसनाच्या उपचारांची गुप्तता सांभाळणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा १९७० च्या दशकातला, आणि तो इतका कडक की अमुक माणूस आमच्याकडे येतो की नाही, हेसुद्धा त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे न आलेल्या माणसाला फोन करणं ही एक कलाच आहे. फोन बायकोने उचलला तर? मालकाने? निरोपात क्लिनिकचं नाव घ्यायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून घेतो. “मी तुम्हाला कोण म्हणून फोन करू?” असं विचारलं की माणसं हसतात. एकाने मला छतावरच्या पत्र्यांच्या दुकानातली बाई केलं होतं. तेव्हापासून मी त्याला “तुमची ऑर्डर गुरुवारी चारला तयार आहे” असा निरोप ठेवते.

फोनवर “का आला नाहीत?” हे विचारायचं नाही. त्याचं उत्तर त्याला ठाऊक असतं आणि मलाही. विचारलं की तो खोटं तरी बोलतो किंवा फोन ठेवतो, आणि खोटं बोललेल्या माणसाला परत येणं अधिक अवघड. “आज चारला जमेल का, की उद्या सकाळ बरी?” एवढंच.

कोकेनच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना घ्यायच्या कपाची गोष्ट वेगळी, आणि ती समजायला मला या देशाचा थोडा इतिहास वाचावा लागला. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, तीच शिक्षा पुडीच्या कोकेनला पाचशे ग्रॅमवर. एकास शंभर. क्रॅक गरीब, काळ्या वस्त्यांत आणि पूड ऑफिसांत, पार्ट्यांत. हे प्रमाण २०१० मध्ये एकास अठरावर आणलं. समान अजूनही नाही. आमच्या ग्रुपमधले साठीच्या आसपासचे बरेचसे काळे पुरुष त्या कायद्याखाली आयुष्याची उमेदीची वर्षं तुरुंगात घालवून आलेले. सुटल्यावर प्रोबेशन ऑफिसरसमोर कपात लघवी करायची आणि ती ‘पॉझिटिव्ह’ निघाली की परत आत. असा एक आजोबा वयाचा गृहस्थ पहिल्या दिवशी कप हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मिस, याचा कागद कुणाकडे जाणार?” मी सांगितलं, कुणाकडेच नाही. त्याने विश्वास ठेवला नाही आणि त्याचं बरोबरच होतं. पुढचे काही आठवडे तो यायचा, कॉफी प्यायचा, ग्रुपमध्ये मागे बसायचा आणि कपाला हात लावायचा नाही. आम्ही लावायला सांगितलंही नाही. आमच्या पूर्वीच्या एका डॉक्टरांना हे अजिबात पटलं नव्हतं. नमुना नाही तर उपचार काय मोजणार, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, तो माणूस त्या खुर्चीत बसला होता हेच मोजण्यासारखं होतं. एका सोमवारी त्याने स्वतःच कप मागून घेतला. पॉझिटिव्ह. रिपोर्ट त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं, गुरुवारी येताय ना? त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी पोलीस नव्हता.

आता ज्या गोष्टीवरून माझं घरी भांडण झालं ती. १९९० च्या आसपास व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये स्टीफन हिगिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी कोकेनच्या रुग्णांना स्वच्छ नमुन्यासाठी व्हाउचर द्यायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला अडीच डॉलर, पुढच्या प्रत्येकाला सव्वा डॉलर वाढवून, लागोपाठ तीन स्वच्छ असले की दहाचं बक्षीस. एक पॉझिटिव्ह निघाला की पुन्हा अडीचपासून. बारा आठवडे एकही न चुकवणाऱ्याला साडेनऊशेच्या वर, हजाराला अडीच डॉलर कमी. रोख पैसे कधीच नाहीत. मासेमारीचा परवाना, स्कीइंगचा पास, असलं काहीतरी क्लिनिकची माणसं विकत आणून द्यायची. १९९४ मध्ये त्यांनी लिहिलं की व्हाउचर मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक चोवीस आठवडे टिकले, तेच समुपदेशन व्हाउचरशिवाय मिळणाऱ्यांतले ४० टक्के. कोकेनच्या बाह्यरुग्ण विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा, चोवीस आठवडे हा आकडा ऐकूनच तो खुर्चीत सरळ बसेल.

कनेक्टिकटच्या नॅन्सी पेट्रींनी यातला खर्च कमी करायला चिठ्ठ्यांचा गोल काचेचा बोल आणला. पाचशे चिठ्ठ्या. निम्म्यांवर नुसतं ‘शाबास’. दोनशे नऊ चिठ्ठ्यांवर डॉलरभराची वस्तू, चाळीसांवर वीस डॉलरची, एकीवर शंभराची. स्वच्छ नमुना दिला की चिठ्ठी काढायची, आठवडे वाढतील तशा चिठ्ठ्या वाढतात. २०११ पासून माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी ही पद्धत देशभर उचलली. पेट्री २०१८ मध्ये गेल्या.

आमच्याकडे बोल आला तेव्हा मी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, नशा केली नाही म्हणून बक्षीस? मी तर जन्मात केली नाही. माझे किती झाले?” मला उत्तर सुचलं नाही. ती पुढे बरंच काही बोलली, त्यात माझे मामा होते, त्यांची दारू होती आणि त्यांना कुणी चिठ्ठ्या काढायला दिल्या नव्हत्या हेही होतं.

आईचा आक्षेप मी पुष्कळ दिवस डोक्यात घोळवला. इथल्या कित्येक सहकाऱ्यांचाही तोच आहे, फक्त ते ‘आंतरिक प्रेरणा’ वगैरे शब्द वापरतात. पण कोकेन स्वतःचा मोबदला दहा सेकंदांत देतं. सोडण्याचा मोबदला कधी मिळतो? मुलगी पुन्हा बोलायला लागेल दोन वर्षांनी, कर्ज फिटेल पाच वर्षांनी, फिटलं तर. मधल्या काळात सोमवार आणि गुरुवार आहेत, आणि त्या दोन दिवशी हातात काहीतरी पडायला हवं. एवढाच या बोलचा दावा. आणि खोलीत काय होतं, ते आईला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. छतांची कामं करणारा तो पत्र्यांच्या ऑर्डरवाला एकदा चार चिठ्ठ्या काढतो, चारही ‘शाबास’. तो वैतागून म्हणतो, “मला दहावीत पण इतक्यांदा शाबास म्हटलं नव्हतं.” सगळे हसतात. त्या चिठ्ठ्या तो फेकत नाही, पाकिटात ठेवतो. पुढच्या सोमवारी पॉझिटिव्ह निघतो आणि त्याच्या चिठ्ठ्या एकावर येतात. तेव्हा तो चिडतो तो बोलवर, माझ्यावर नाही. मला हे फार सोयीचं वाटतं. नियम बोलचा, म्हणून मला त्याच्या बाजूला बसून विचारता येतं की शनिवारी नक्की काय झालं.

अडचणी आहेतच. बक्षिसं थांबली की परिणाम हळूहळू ओसरतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि पैसे कोण देणार? सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना बरीच वर्षं एका रुग्णामागे वर्षाला ७५ डॉलरची मर्यादा होती. हिगिन्सच्या हजाराशेजारी ती ठेवली की औषधाचा तेरावा हिस्सा देऊन गुण का येत नाही, असं विचारण्यासारखं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये गरिबांच्या आरोग्य विम्यातून हे सुरू केलं तेही ५९९ डॉलरपर्यंत, कारण तेव्हा सहाशे झाले की कराचे कागद भरावे लागायचे. एक पाऊल मागे थांबलेली ही रक्कम मला मोठी अमेरिकन वाटते.

बोलपेक्षाही जास्त माणसं मी आणखी एका गोष्टीने टिकलेली पाहिली, आणि ती फुकट आहे: पॉझिटिव्ह आला म्हणून काढून टाकायचं नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही प्रथा जुनी आणि अजून जिवंत आहे. नशा केली, नियम मोडला, नाव कापलं. ज्या लक्षणासाठी माणूस आला तेच दिसलं म्हणून त्याला घालवायचं. विल्यम व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर सडेतोड लिहिलं. तरीही मागच्याच वर्षी दुसरीकडून आलेल्या एका बाईच्या फाइलवर मी ‘असहकार्य’ हा शेरा वाचला. तिचा असहकार काय, तर दोन लहान मुलं सोबत आणली म्हणून तिला ग्रुपमध्ये बसू दिलं नव्हतं आणि ती परत गेली होती. मुलं घरी ठेवली तर शेजारी शहराच्या बालकल्याण खात्याला फोन करतील, ही तिची भीती. आणली तर उपचार नाही. आमच्याकडे मुलांसाठी वेगळी खोली नाही. कॉपी मशीनच्या शेजारी एक टेबल आणि रंगीत खडू आहेत. ती नियमित येते. धाकट्याने मशीनच्या झाकणावर काढलेला डायनोसॉर आम्ही पुसलेला नाही.

हे सगळं पूर्वी ‘टिकवणं’ एवढ्यापुरतं होतं. आता त्यात जिवाचा प्रश्न मिसळला आहे. रस्त्यावरच्या कोकेनमध्ये फेंटानिल सापडतं. अफूच्या जातीचं काही कधी न घेतलेल्या माणसाचं शरीर त्याला सरावलेलं नसतं. हेरॉइनवाला ज्यातून तरून जाईल त्यात हा जातो. २०२२ मध्ये एकट्या फिलाडेल्फिया शहरात अतिसेवनाने चौदाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून आता आम्ही कोकेनच्या माणसालाही पहिल्याच दिवशी फेंटानिलवर उतारा म्हणून नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा देतो, आणि एकटं वापरू नका म्हणून सांगतो. फेंटानिल तपासायच्या पट्ट्या २०२३ पासून पेनसिल्व्हेनियात कायदेशीर झाल्या, त्या खुर्चीशेजारच्या टोपलीत असतात. सोडायला आलेल्याला सुरक्षित वापर शिकवता, असं एका माजी रुग्णाने मला तावातावाने सुनावलं होतं. त्याचा राग मला कळतो. पण न आलेल्या माणसाला सोमवारी फोन लावताना पलीकडे घंटी वाजत राहते, तेव्हा मनात काय काय येतं हे त्याला माहीत नव्हतं.

भारतात हे चित्र वेगळं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत कोकेन वापरणारे साधारण ०.१ टक्का निघाले, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. दारू आणि अफूपुढे हा आकडा किरकोळ. पण मुंबई-पुण्याहून ओळखीओळखीतून फोन येतात. फोन आईचाच असतो, मुलाचा कधीच नाही. “तुम्ही एकदा बोलून बघा ना त्याच्याशी.” मी त्यांना जवळची मानसोपचार ओपीडी सुचवते, आणि अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमाबद्दल सांगते: थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे बहुतेकांना माहीत नसतं. मग मी विचारते, तो स्वतः कधी म्हणाला की थांबायचंय? कोणत्या वारी? आया गोंधळतात. वार लक्षात ठेवा, म्हणते, आणि पुढच्या वेळी त्याच दिवशी घेऊन जा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

उन्हाळा आला की माझा छतवाला गळायच्या बेतात येतो. एप्रिल ते ऑक्टोबर छतांच्या कामांचा हंगाम. सकाळी सहाला कामावर, अंधार पडेपर्यंत वर. थंडीत नियमित येणारा माणूस मे महिन्यात दोन गुरुवार आला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जेम्स मॅके यांनी दारू आणि कोकेनच्या रुग्णांवर दाखवलंय की सुरुवातीचा टप्पा पार झाला असेल तर पुढचा पाठपुरावा फोनवरूनही चांगला होतो. पंधरा-वीस मिनिटं, ठरलेले प्रश्न: या आठवड्यात तलफ किती, पैसे कधी हातात येणार, शनिवारी कुठे असणार. म्हणून त्याच्याशी फोनवर बोलायचं ठरवलं. प्रश्न वेळेचा आला. त्याची जेवणाची सुट्टी साडेअकराला, आणि नेमका तेव्हा माझा ग्रुप. बाराला तो पुन्हा वर चढलेला असणार. शेवटी ग्रुप पावणेबाराला न्यायचं ठरलं. ग्रुपमधल्यांनी तक्रार केली, एकासाठी सगळ्यांनी का थांबायचं म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की कॉफीला पंधरा मिनिटं जास्त मिळतात, आणि तक्रार मागे घेतली गेली. आजोबांनी मात्र अट घातली: छतवाल्याच्या वाटणीच्या डोनटवर त्यांचा हक्क.